बकासुराचा गाडा आणि उन्हाळ्याचे ताट

(ज्ञातिमंडळाच्या केळझर येथील उन्हाळी कौटुंबिक संमेलनात दिलेले भाषण)



उन्हाळ्यातील आहार हा विषय मंडळाच्या चिटणिसांनी मला नेमून दिला, तेव्हा एक अटही घातली. भाषण अर्ध्या तासात आटोपावे, कारण त्यानंतर जेवणे आहेत. आहारावरील व्याख्यान आणि प्रत्यक्ष आहार यांची अशी शर्यत लागली म्हणजे कोण जिंकणार हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून वेळेची अट मी पाळणार आहे. मात्र बोलणार आहे ते त्या जेवणाविषयीच.

आपण जमलो आहोत ते गाव जेवणाच्या बाबतीत साधेसुधे नव्हे. येथील टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचे दर्शन आपण सकाळी घेतलेच. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते आणि परंपरेने केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी. तो मान सांगणारी गावे देशात आणखीही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याचे आपणांस कारण नाही. पाहुण्याने यजमानाच्या गावाचा अभिमान बाळगावा हे उत्तम. एकचक्रानगरी म्हटली की बकासुर आलाच. गावाने रोज त्याला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडा नेणारा एक माणूस पोचवावा असा करार होता. पांडव ज्या ब्राह्मणाकडे उतरले होते त्याच्या घरावर पाळी आली, कुंतीने भीमाला धाडले, भीमाने वाटेतच अन्नावर ताव मारला आणि मग राक्षसाचा समाचार घेतला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि भीमाच्या बळाचे कौतुक करतो.

परंतु भगिनींनो, ही कथा मी जेव्हा जेव्हा ऐकते, तेव्हा एकच प्रश्न मनात येतो. ते गाडाभर अन्न शिजविले कोणी? त्या ब्राह्मणीने पहाटे किती वाजता चूल पेटविली असेल? आणि पाळी वैशाखात आली असेल तर तिचे काय झाले असेल? व्यासांनी याविषयी मौन पाळले आहे. कीर्तनकारांनीही पाळले आहे. आपल्या मांडवातही ते पाळले जाते, आणि म्हणूनच मी आज त्या बाईची आठवण करून देत आहे.

आपली लग्ने, मुंजी, वाढदिवस आणि संमेलने बहुधा एप्रिल-मेमध्येच येतात, कारण मुलांना सुटी असते. याच दिवसांत वर्धा-नागपूरकडचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आपण कूलरसमोर बसून नवतपा कधी संपणार याची चर्चा करतो. त्या वेळी मांडवामागे पत्र्याच्या आडोशाला आचारी कढईसमोर उभा असतो. घरच्या कार्याला तर आचारीही नसतो, घरचीच माणसे असतात, आणि ती माणसे म्हणजे कोण हे या सभेत उजव्या बाजूला बसलेल्यांना विचारावे लागत नाही. कूलर दिवाणखान्यात असतो. स्वयंपाकघरात तो ठेवला तर गॅसची ज्योत विझते, हे शास्त्रीय कारण पुरुषमंडळींना तोंडपाठ असते. पानात पुऱ्या, भजी, वडे, दोन पक्वान्ने, वर मठ्ठा, आणि शेवटी पाहुण्याचा अभिप्राय, "जेवण छान झाले, पण उन्हामुळे काही जात नाही!" जात नाही हे त्याचे बोलणे अगदी खरे आहे. मग आपण तळले कशासाठी?

उन्हाळ्यात भूक मंदावते ती उगीच नव्हे. अन्न पचविताना शरीरात उष्णता निर्माण होते आणि बाहेर आधीच भट्टी पेटलेली असताना शरीर ती टाळू पाहते. त्याला त्या दिवसांत प्रामुख्याने पाणी हवे असते, घामावाटे गेलेले मीठ हवे असते आणि पोटाला जड न होणारे अन्न हवे असते. आपल्या आजी-पणजींनी हे पुस्तकातून वाचले नव्हते, पण त्यांचे वेळापत्रक पाहा. भाकरी सकाळी उन्हे तापण्यापूर्वी थापून होत. दुपारच्या पानात ती गार भाकरी, ताक किंवा कढी, कांदा, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी आणि कैरीची एखादी फोड. उन्हातून आलेल्याला आधी रांजणातले पाणी, मग गुळाचा खडा, मग पन्हे. अक्षय्यतृतीयेला चिंचवणी. रानातून टेंभरे आणि चारे यायची, नदीकाठच्या वाड्यांवरून टरबुजे आणि डांगरे यायची. सायंकाळी अंगणात सडा टाकून बाजा मांडल्या की रात्रीचे जेवण म्हणजे बहुधा खिचडी नाही तर आंबील. आमरस आणि सरगुंडे ही चैन होती; ती जावई आला म्हणजे होई, आणि तीच तिची गोडी होती.

त्या काळातील बाईला विसावा होता असे मात्र मी म्हणणार नाही. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, वड्या ही वाळवणे याच दिवसांत होत आणि पहाटे चारपासून होत. पण त्यातही एक शहाणपण होते. चार घरच्या बाया एका ओसरीवर जमत, चीक शिजवून झाला की चूल विझे, आणि उरलेले काम सूर्य करी. राखणीला मुले बसत. ती कावळ्यांपेक्षा अधिक कुरडया ओल्याच खात, ही तक्रार त्या काळातही होती. एकदा वाळवण डब्यात गेले की वर्षभराची बेगमी झाली. आज आपण तीच वाळवणे विकत आणतो, याबद्दल माझी तक्रार नाही. ती बचतगटाच्या भगिनींकडून आणली तर त्यांच्या हाती चार पैसेही पडतात. तक्रार एवढीच की विकत आणून वाचलेला वेळ आपण पुन्हा कढईलाच वाहून टाकतो.

आता थोडे आपल्या जिल्ह्याविषयी बोलते. साधा आहार हा विषय वर्धेकरांना बाहेरच्या कोणी शिकवावा असे नाही. तो देशाला येथूनच शिकविला गेला. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ हे त्या संघाचे विषय होते. याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जावा बेटावर आईकमन या डच डॉक्टरने कोंबड्यांवरून दाखवून दिले होते की पॉलिशचा पांढरा तांदूळ खाऊन बेरीबेरीसारखा विकार जडतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की तो बरा होतो. त्यासाठी १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गांधीजींनी 'हरिजन'मधून डॉक्टरांची मते मागवून हा विषय घरोघर नेला.

गांधीजींचे प्रयोग सर्वच रुचकर होते असे नाही. मगनवाडीत १९३५ साली त्यांनी सोयाबीन पंक्तीत आणले. कच्चा पाला, कडुनिंबाची पाने, चिंच हेही त्यांच्या आहारात असे, आणि आश्रमातील मसाल्याविना उकडलेली भाजी पाहून पाहुण्यांचे चेहरे कसे होत असतील याची कल्पना आपण करू शकतो. ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. एप्रिलअखेर वर्ध्याच्या उन्हात घर बदलण्याचे धाडस महात्म्यानेच करावे! पुढे मे महिन्यात विश्रांतीसाठी त्यांना म्हैसूरकडील नंदी टेकडीवर न्यावे लागले. तेव्हा आपल्यापैकी कोणी चिखलदऱ्याला गेले तर कमीपणा मानू नये.

त्या सोयाबीनची पुढची कथा चमत्कारिक आहे. मगनवाडीच्या ताटात जे उपऱ्यासारखे आले, ते आज आपल्या जिल्ह्याच्या शेताशेतांत आहे. एके काळी सेलूचा परिसर केळीच्या बागांसाठी नावाजलेला होता आणि ज्वारी तर घरोघरची. आता कपाशी आणि सोयाबीन यांनी ज्वारीला बांधापलीकडे ढकलले आहे. पण शेतातले सोयाबीन ताटात किती येते? ते तेलाच्या कारखान्यात जाते आणि पिशवीतून परत आपल्या कढईत येते. ज्वारी मात्र आपण दुकानातून गव्हापेक्षा महाग विकत घेतो आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष साजरे केले म्हणून तिच्याकडे कौतुकाने पाहतो.

ज्वारी म्हणजे अमृत असेही मी सांगत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात आणि कोंडाही भरपूर असतो, हे खरे. परंतु दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा नावाचा रोग आढळला आणि १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संस्थेतील संशोधकांनी त्याचा कसून अभ्यास केला. दारिद्र्यात एकच धान्य खाणे ही साधेपणाची खूण नव्हे, ती उपासमारीची सख्खी बहीण आहे. साधे जेवण म्हणजे भाकरीसोबत वरण, पालेभाजी, ताक आणि ऋतूचे फळ. कोणी आपल्या मोलकरणीला शिळी भाकरी देऊन वर तिच्या गुणांचे व्याख्यान देईल, तर तो माझ्या भाषणाचा दुरुपयोग होईल.

आंबिलीचे मात्र मी मोकळेपणाने गुण गाते. वाटीभर ज्वारीचे पीठ दोन वाट्या ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी चार-पाच वाट्या पाणी उकळावे, त्यात ठेचलेला लसूण, जिरे, मीठ घालावे, आंबलेले पीठ ढवळत ओतावे आणि दहा-बारा मिनिटे शिजू द्यावे. पुढे ती माठाजवळ ठेवून गार करावी, पिताना पुन्हा ताक मिसळावे. आंबविल्याने पिठातील लोह शरीराला अधिक सुलभतेने मिळते; पाणी, मीठ आणि पोटभर अन्न एकाच पेल्यात येते; आणि दिवसभरात चूल पेटते ती एकदाच, तीही उन्हे चढण्याआधी. हा शेवटचा गुण पोषणाच्या तक्त्यात छापलेला नसतो, पण माझ्या मते तो पहिल्या ओळीत छापावा.

मुलांच्या थंड पेयांविषयी दोनच शब्द. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. दिवसभरात वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी असे जागतिक आरोग्य संघटनेसह जाणकार मंडळी सांगतात. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा उलटून जातो. मुलांना बाटली हिसकावून शहाणपण शिकवू नये. घरात पन्ह्याचा गर करून ठेवावा, म्हणजे ती आपोआप माठाकडे वळतात. पन्ह्यात साखरेचा पाक ओतून त्याचीच बाटली करू नये, एवढे आपण पाळावे. रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी ताक-पन्ह्यातील मीठ डॉक्टरांना विचारून घ्यावे.

खिशातल्या कांद्याविषयी माझे मत विचारले जाते. कांदा खिशापेक्षा पानात अधिक उपयोगी पडतो. डोक्याला आणि कानांना दुपट्टा बांधावा. कोणास जुलाब-उलटी होऊन पाणी कमी झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळून घोट घोट द्यावे. पण उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा भान हरपू लागला, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि तात्काळ दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

आता मुद्द्याची सूचना. पुढील वर्षापासून मंडळाच्या उन्हाळी संमेलनात दुपारच्या पंक्तीला तळण नसावे आणि चूल सकाळी नऊनंतर पेटू नये, असा ठराव मी मांडते. पानात भाकरी, घट्ट वरण, अंबाडीची किंवा मिळेल ती पालेभाजी, कांदा-कैरीची कोशिंबीर, ताक, आंबील आणि टरबुजाची फाक. गोड हवेच असेल तर वर्ध्याचे गोरसपाक आणावे. ते आयते मिळते. ज्यांना रस हवा त्यांनी आंबे स्वतः पिळावेत. यजमानांची अब्रू पुऱ्यांच्या संख्येवर ठरते अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी ठरावाला खुशाल विरोध करावा. मात्र विरोध करणाऱ्याने आधी दुपारी बारा वाजता कढईजवळ अर्धा तास उभे राहून यावे, अशी उपसूचना मी आताच जोडून ठेवते.

उद्याच्या न्याहारीसाठी आंबिलीचे पीठ भिजविण्याचे काम आज रात्री जेवणानंतर आहे. ताक घुसळण्याकरिता सहा हात हवे आहेत. पुरुषमंडळींपैकी तिघांची नावे चिटणिसांकडे आली आहेत असे मला कळते. चौथे नाव चिटणिसांचे स्वतःचे आहे की नाही, हे त्यांनी आभारप्रदर्शनात जाहीर करावे.