आमची मुलं बोलती कधी होणार?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही मोठ्या माणसांशी कमी आणि या पोरा-पोरींशी जास्त बोलणार आहोत. तुम्ही आठवी ते बारावीतली मंडळी. घरात भांडता तेव्हा आवाज दोन गल्ल्यांपर्यंत जातो. पण विहारात नुसतं नाव विचारलं तर मान खाली! ही तुमची एकट्याची गोष्ट नाही. सेनगावहून हिंगोलीला किंवा त्याही पुढं शिकायला गेलेली आपली मुलं पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडत नाहीत. शंका आली तरी विचारत नाहीत, कारण आपली भाषा गावाकडची, कुणी हसलं तर? मार्क असतात, पण मुलाखतीत गाडी अडते.

हे आजचंही नाही. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून दोनच वर्षं झाली होती. तिथं आलेल्या कितीतरी मुलांच्या घरात आधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. त्या कॉलेजला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. एक प्रश्न विचारणारा राजा आणि एक उत्तर देणारा भिक्खू! आमच्या मते त्या नावातच मुलांसाठी धडा आहे.

मिलिंद राजा म्हणजे ग्रीक वंशाचा मिनँडर. वादात भल्याभल्यांना गप्प करणारा. त्याने नागसेनांना चर्चेचं आवाहन केलं तेव्हा नागसेनांनी आधी एक अट घातली. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नको. राजाने फरक विचारला. नागसेनांनी सांगितलं त्याचा भावार्थ असा की, पंडितांच्या चर्चेत कोडं घातलं जातं, सोडवलं जातं, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते आणि त्यावरून कुणी रागावत नाही. राजा मात्र एक बाजू धरतो आणि पटत नाही म्हणणाऱ्याला शिक्षा करतो. मिलिंदाने अट मान्य केली, मगच चर्चा सुरू झाली.

आता आपापल्या घरात बघा. बाप पोराला विचारतो, "मोबाईल किती वेळ बघतोस?" पोरगं म्हणतं, "तुम्ही पण बघताच की." मग एक थप्पड. ही राजांची चर्चा झाली. उलट पोरगंही काही कमी नाही. मित्राने जरा वेगळं मत दिलं की लगेच त्याला ग्रुपमधून काढून टाकतं. हासुद्धा छोटा राजाच. पटत नसताना न चिडता ऐकणं, आपलं चुकलं तर 'हो, चुकलं' म्हणणं आणि तरी आपला मुद्दा न सोडणं, ही कला सरावाने येते. वय 10 ते 19 या काळात राग आणि उत्साह आधी उसळतो, आवर घालणारी समज मागून येते. मेंदूची वाढच तशी होते, असं आता डॉक्टर मंडळी सांगतात. तेव्हा आई-बाबांनो, थोडा दम धरा.

मित्रांबद्दल थोडक्यात सांगतो. राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी मित्र ओळखायला शिकवलं. तोंडावर गोड बोलून पाठीमागे निंदा करणारा, दारू-जुगाराला सोबत करणारा, हे मित्राच्या रूपातले शत्रू. नव्या पुडीचा पहिला घास फुकट देणारा या यादीत कुठं बसतो, ते तुम्हीच ठरवा. 'नको, मी खात नाही' एवढं मान वर करून म्हणता आलं तरी पुष्कळ झालं. कारणं सांगत बसू नका, कारण सांगितलं की समोरचा त्याचं उत्तर शोधतो.

त्याच सुत्तात आई-वडिलांचीही कर्तव्यं आहेत, हे आपण सोयीने विसरतो. मुलांना पापापासून आवरावं, चांगल्याकडे लावावं, शिल्प म्हणजे हुन्नर शिकवावं, मग योग्य जोडीदार पाहावा आणि वेळेवर वारसा सोपवावा. क्रम नीट ऐका, उपासकहो. आधी शिल्प, मग विवाह! आपल्याकडे दहावी झाली की मुलीसाठी पाहुणे येतात. ऊसतोडीला जायचं, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही अडचण आम्हालाही कळते. ती खोटी नाही. पण 2006 च्या कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलीचं लग्न हा बालविवाह आहे, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर प्रत्येक मुलीला पाठ असला पाहिजे. मुलगी 'मला अजून शिकायचंय' हे वाक्य घरात पहिल्यांदा उच्चारते, त्यासाठी तिला आधी चारचौघांत बोलायची सवय लागते. भाषणकला ही स्पर्धेतल्या कपापुरती नसते, ती अशी उपयोगी पडते.

नागसेनवनात हेच घडलं. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं आणि कॉलेजच्या मुलांनी ते रंगमंचावर आणलं. पुढे 1967 साली 'अस्मिता' त्रैमासिक निघालं, तेच नंतर गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' झालं आणि खेड्यापाड्यातली मुलं त्यात लिहू लागली. आधी कुणीतरी त्यांना उभं राहायला जागा दिली होती.

तेवढी जागा आपल्याकडेही आहे. येत्या वर्षावासात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मुलांचा राहील. सूत्रसंचालन मुलंच करतील, एक मुलगा आणि एक मुलगी पाच-पाच मिनिटं बोलतील. विषय कोणताही चालेल. हळदीचा भाव, कयाधूचं पाणी, शाळेतलं गणित. भाषा घरचीच वापरा. मोठ्यांनी मध्ये दुरुस्ती करायची नाही, आणि मोबाईल खिशात ठेवायचे, आमच्यासकट. नावं लिहायची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या रविवारच्या दोन्ही जागा अजून रिकाम्या आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.