गुणपत्रकातील आकडा आणि मैदानावरील खेळाडू



डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तत्कालीन विक्रम मोडण्यास केवळ दहा धावा हव्या होत्या. तोच काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. ४४३ हा आकडा सत्य आहे. परंतु तो तेथे का थांबला, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. समोरची गोलंदाजी कितपत भेदक होती, हेही नाही. अशी खेळी करणाऱ्या या फलंदाजास अधिकृत कसोटी सामना मात्र कधीच खेळावयास मिळाला नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांच्या मैदानावर आकड्याची स्थिती याहून नाजूक असते. शंभर मीटर धावण्याची वेळ घेणारा शिक्षक अंतिम रेषेवर उभा राहतो व शिट्टी ऐकून घड्याळाची कळ दाबतो. ध्वनीस तेवढे अंतर कापण्यास सुमारे ०·३ सेकंद लागतात. चौदा सेकंदांत शर्यत पुरी करणाऱ्या मुलाच्या सरासरी वेगाने तेवढ्या वेळात सुमारे दोन मीटर अंतर कापले जाते. दुसऱ्या शाळेने रुमालाची खूण पाहून कळ दाबली असल्यास दोन्ही शाळांच्या वेळा शेजारी मांडून निवड करणे अन्यायाचे होईल. त्यातच काळ्या जमिनीवरील जुलैची धाव आणि जानेवारीची धाव एक नव्हे.

खरी चूक होते ती खो-खोमध्ये. गुणपत्रकात गडी बाद करणाऱ्याचे नाव चढते. पळणाऱ्यास एका अंगाला रेटीत नेऊन, नेमक्या क्षणी, नेमक्या तोंडाच्या गड्यास खो देणारी मुलगी त्या कागदावर कोठेच नसते. केंद्रावरून तालुक्याचा संघ निवडताना कागद पुढे ठेवला की तीच प्रथम गळते. आणि पुढील सामन्यात बाद करणाऱ्या मुलींचे गुण एकाएकी का घटले, याचे नवल वाटत राहते. खोचा निराळा रकाना आखावा, ही सूचना योग्यच आहे. तथापि उशिरा दिलेला खो त्या रकान्यात वेळेवर दिलेल्या खोइतकाच मोजला जाईल. म्हणून निवडीपूर्वी एक डाव तरी शिक्षकाने पेन्सिल खिशात ठेवून पाहावा, आणि त्या वेळी दृष्टी पळणाऱ्यावर नव्हे, तर खो देणाऱ्या हातावर असावी.