हिंवाळ्यांतील समुद्रकिनारा आणि प्रवासाची पेटी

नाताळच्या सुटीचे दिवस जवळ आले, म्हणजे घाटावरील पुष्कळशा कुटुंबांत कोंकणच्या किनाऱ्यावर जाण्याचे बेत सुरू होतात. बेत ठरतो सर्वांच्या संमतीनें; पेटी भरण्याचें काम मात्र बहुधा एकट्या गृहिणीच्या वाट्याला येतें. आणि पहिली चूक घडते ती तेथेंच. पुण्याच्या थंडींत, अंगावर शाल लपेटून, ती मालवणसाठीं कपडे निवडीत असते. घरच्या थंडीच्या मापानें समुद्राची थंडी मोजली जाते.

वस्तुतः या दोन ठिकाणांच्या हवेंत फार अंतर आहे. डिसेंबरांत पुण्याचा पारा रात्रीं १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. १७ जानेवारी १९३५ रोजीं तर तो १.७ अंशांवर गेला होता. मालवणच्या किनाऱ्यावर त्याच दिवसांत रात्रीं तो २० अंशांच्या आसपास राहतो आणि दुपारीं ३० अंशांच्या वर चढतो. जमीन लवकर तापते व लवकर निवते. पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें. समुद्राच्या पोटांत सांठलेली ही ऊब किनाऱ्याला कडाक्याची थंडी बाधूं देत नाहीं. तेव्हां जाड लोंकरी कोटांनीं पेटी भरणें म्हणजे उगाच ओझें वाहणें होय.

याचा अर्थ ऊबदार कपडे मुळींच नकोत असा नव्हे. कोल्हापुराहून गगनबावड्याच्या वाटेनें घाट उतरतांना, विशेषतः प्रवास रात्रीचा असल्यास, खरी थंडी गाडींतच भेटते. त्यासाठीं माणशीं एक स्वेटर, मुलांना कानटोपी आणि वडील माणसांना एक शाल एवढें पुरे. मात्र हीं वस्त्रें पेटीच्या तळाशीं नसावींत. तीं हातपिशवींत असावींत. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तेव्हां वाळूवर फिरावयास निघणाऱ्याला तोच स्वेटर पुन्हां उपयोगीं पडतो.

बाकीचे कपडे सुती, सैल आणि फिक्या रंगाचे असावेत. सन १६६४ मध्यें शिवाजी महाराजांनीं बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग पाहावयाचा, तर होडींतून जावें लागतें. होडींत पाण्याचे तुषार अंगावर येतात आणि तटावर ऊन लागतें. तेथें पुऱ्या बाह्यांचा सदरा, डोक्याला टोपी किंवा रुमाल आणि भिजल्या तरी न बिघडणाऱ्या, न घसरणाऱ्या चपला, हाच खरा पोशाख. ठेवणींतील जरीच्या साड्या आणि नवे बूट घरींच राहिलेले बरे.

समुद्रांत भिजलेल्या कपड्यांची गोष्ट निराळी आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. कपडा वाळला, तरी हे क्षार धाग्यांत राहतात आणि हवेंतील ओल शोषून घेतात. म्हणून सकाळीं वाळलेला कपडा सायंकाळीं पुन्हां दमट लागतो. तो आधीं गोड्या पाण्यांत खळबळून, पिळून, दुपारच्या उन्हांतच वाळवावा. एक दोरी, थोडे चिमटे आणि ओल्या कपड्यांसाठीं एक निराळी पिशवी, या तीन क्षुल्लक वस्तूंवांचून परतीच्या वाटेवर सगळ्या पेटीला कुबट वास लागतो.

इतकी तयारी करूनही एक वस्तु बहुधा राहून जाते. किनाऱ्यावर नेहमीं दिसणारें एक दृश्य आहे. पुरुष लाटांत शिरलेले असतात, मुलें ओलींचिंब होऊन ओरडत असतात आणि घरांतील गृहिणी कोरड्या वाळूवर सर्वांच्या चपला, घड्याळें व टॉवेल राखीत बसलेली असते. “तूंही ये ना,” असें कोणी हांक मारून म्हणतो. ती हंसून मान हलविते. तिला पाण्याचें भय असतें असें नाहीं. तिनें सर्वांचे भिजावयाचे कपडे मोजून घेतलेले असतात. स्वतःचे तेवढे घेतलेले नसतात. अंगावरच्या साडीनिशीं लाटेंत जाणें हिताचेंही नाहीं. भिजलेला घोळ पायांत अडकतो आणि मागें ओढणाऱ्या पाण्यांत तोल जातो. त्यापेक्षां अंगासरशीं बसणारी जुनी सलवार व कुडता पुष्कळ बरा. आणि तोही गुडघाभर पाण्यापुरताच.

म्हणून पेटी भरण्याचा क्रम थोडासा बदलावा. मुलांचे झाले, यजमानांचे झाले, सासूबाईंचे झाले, मग उरल्या जागेंत स्वतःचे, असा जो परिपाठ आहे, तो या एका प्रवासापुरता उलटा करावा. तळाशीं पहिला कपडा ठेवावा तो गृहिणीच्या भिजण्याचा. आणि वाळूवर पोंचल्यावर चपला राखण्याची पाळी घरांतील प्रत्येकानें आळीपाळीनें घ्यावी. एवढें साधलें, म्हणजे त्या पेटींत एखादा सदरा कमी पडला तरी कोणाचें कांहीं अडणार नाहीं.