आज्ञावलींची नित्य तपासणी
(भाषणाचा गोषवारा)



दुकानातील वजने व तराजू ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर शिक्का मारला जातो, हे आपण सर्व जाणतोच. वजने झिजतात, म्हणून एकदाच तपासून भागत नाही. संगणकावर आकडेमोड करणाऱ्या आज्ञावलींनाही हाच न्याय लागू पडतो.

आर ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी रचिली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. तिच्यासाठी अभ्यासकांनी तयार केलेल्या आज्ञावलींच्या संचास पॅकेज म्हणतात. ‘क्रॅन’ या सार्वजनिक भांडारात अशी २०,००० हून अधिक पॅकेजे असून त्यांतील पुष्कळशी एकमेकांवर अवलंबून आहेत. त्यामुळे पॅकेजातील एक अक्षरही न बदलता ते बिघडू शकते.

याचे एक उदाहरण पाहा. एप्रिल २०२० मध्ये आरची ४.०.० ही आवृत्ती निघाली. तोवर तक्ता वाचताना त्यातील शब्दांच्या रकान्याचे आपोआप वर्गवारीत रूपांतर होत असे. या आवृत्तीपासून ते शब्दच राहू लागले. तक्त्यात किती वेगवेगळी गावे आहेत, असे ‘एनलेव्हल्स’ या आज्ञेने विचारल्यास पूर्वी खरी संख्या मिळे. बदलानंतर तीच आज्ञा कोणतीही तक्रार न करता शून्य असे उत्तर देऊ लागली. यंत्र बंद पडले तर निदान कळते. मुकाट्याने दिलेले चुकीचे उत्तर मात्र थेट अहवालात जाते.

यावर उपाय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन, अर्थात प्रत्येक बदलागणिक होणारी स्वयंचलित तपासणी. गिटहबसारख्या सेवेवर पॅकेजासोबत यामल पद्धतीची एक छोटी फाईल ठेवतात. तपासणी केव्हा, कोठे व कशाची करावयाची, या तीन गोष्टी तीत लिहिलेल्या असतात. केव्हा, तर प्रत्येक बदल दाखल होताच, आणि शिवाय आठवड्यातून एकदा. कोठे, तर विंडोज, मॅकओएस व लिनक्स या प्रणालींवर, आणि आरच्या मागील, चालू व आगामी आवृत्तींवर. कशाची, तर आरच्या ‘चेक’ या आज्ञेखाली येणाऱ्या सर्व बाबींची. निकाल चूक, इशारा किंवा टीप अशा शेऱ्यांनी कळविला जातो. ‘यूजदिस’ या पॅकेजातील एका आज्ञेने, आठवड्याच्या वेळापत्रकाखेरीज, अशी तयार फाईल मिळते. तीत ओळींचे मागेपुढे असणे अर्थपूर्ण असते. ते अंतर टॅबने न सोडता रिकाम्या जागांनीच सोडावे.

आगामी आवृत्तीवरील साप्ताहिक तपासणीचे मोल विशेष आहे. ज्या पॅकेजास काही आठवडे कोणी हात लावलेला नाही, त्यातील बिघाडही नवी आवृत्ती लोकांच्या हाती पडण्यापूर्वी उघडकीस येऊ शकतो.

मात्र दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. पहिली ही की, यंत्र विचारले तेवढेच तपासते. तीन गावांचा लहानसा तक्ता देऊन उत्तर तीनच आले पाहिजे, अशी चाचणी कोणी लिहिलीच नसेल, तर शून्य उत्तरालाही ते उत्तीर्ण ठरवील. दुसरी ही की, तपासणीची सेवाही बदलते. आरची अनेक पॅकेजे ट्रॅव्हिस सीआय या सेवेवर विनामूल्य तपासली जात. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या सेवेने विनामूल्य वापरावर मर्यादा घातल्या आणि अनेकांना गिटहब ॲक्शन्सकडे वळावे लागले. यास्तव खऱ्या चाचण्या पॅकेजातच असाव्यात व फाईलने त्यांना केवळ हाक मारावी. म्हणजे सेवा बदलली तरी तपासणी खंडित होत नाही आणि ती आपल्या संगणकावरही चालविता येते.

पिकांचा उतारा असो वा परीक्षेचा निकाल, त्या आकड्यामागे माणसे असतात. जे शिक्षक व अधिकारी स्वतः आज्ञावली लिहितात, त्यांनी उत्तर आधीच ठाऊक असलेली एक चाचणी आणि ती नियमाने चालविणारी एक फाईल एवढ्यापासून आरंभ करावा, अशी विनंती आहे.