रुळांवरून आणि टपालातून गेलेली गाणी

(विभागीय अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘अमेरिकेतील काळ्या लोकांचे संगीत आणि त्याचा श्रोता’ हा विषय पाहून दोन-तीन शाखांकडून विचारणा झाली. पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण हे सगळे पुढ्यात असताना हे गाणेबजावणे कशाला? विचारणा रास्त आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे, संगीत हा काही आमचा प्रांत नव्हे. पण हे संगीत अमेरिकेत खेडोपाडी पोचले ते सुरुवातीच्या काळात कोणाच्या हातांनी पोचले, हे वाचले तेव्हा आम्ही चकित झालो. ते हात रेल्वे आणि टपाल खात्याच्या कामगारांचे होते. म्हणून हा विषय आपल्याच घरचा आहे.

पहिली गोष्ट ही, की ‘काळ्यांचे संगीत’ नावाची एक वस्तू नाही. मजुरीची गाणी वेगळी, प्रार्थनेची वेगळी, ब्लूज वेगळे, जॅझ वेगळे. पुढे गॉस्पेल, सोल, फंक, रॅप. प्रत्येकाचा श्रोता वेगळा आणि कधी कधी एकमेकांचे तोंड न पाहणारा. चर्चमध्ये जाणारी म्हातारी माणसे ब्लूजला सैतानाचे गाणे म्हणत. घरात मुलगा ब्लूज वाजवू लागला तर त्याला अंगणात हाकलत. कंपन्यांना मात्र हा फरक दिसत नव्हता. कातडी काळी, एवढे पाहून त्यांनी सगळे एका पेटीत टाकले आणि पेटीवर ‘रेस रेकॉर्ड’ अशी चिठ्ठी लावली. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने १९४९ साली ती चिठ्ठी काढून ‘रिदम अँड ब्लूज’ अशी नवी लावली. पेटी तीच राहिली.

आता रुळांकडे येऊ. तिकडच्या गँगमनला ‘गँडी डान्सर’ म्हणत. दक्षिणेत या गँगमध्ये बहुतेक सगळे काळे. सरकलेला रूळ जागेवर आणायचा म्हणजे आठ-दहा जणांनी पहारी लावायच्या आणि एकाच क्षणी जोर करायचा. एकाचा जोर आधी, दुसऱ्याचा नंतर असे झाले तर रूळ हलत नाही, माणसे मात्र थकतात. म्हणून गँगमध्ये एक गाणारा असे. तो ओळ टाकी, बाकीचे पहारीचा ठेका धरीत आणि ठरलेल्या ठोक्याला रूळ सरके. आपल्याकडे ‘जोर लगाके हैशा’ ऐकलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. गाणारा चांगला असला की काम लवकर उरके आणि अंगाला कमी दुखे. मुकादमाला कळणार नाही अशा बेताने मुकादमाचीच टिंगल करण्याची सोयही त्यात होती! पुढे रूळ दुरुस्तीची यंत्रे आली, गँग लहान झाल्या आणि ही गाणी संपली. जॉन हेन्री या काळ्या मजुराची दंतकथाही रेल्वेच्या बोगद्यातलीच. वाफेच्या यंत्राशी घणाने पैज मारून तो जिंकला आणि तिथेच कोसळला, अशी ती कथा. यंत्र आले की माणसाचे काय होते, हा प्रश्न त्या गाण्यात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे.

ब्लूजची एक प्रसिद्ध हकीकतही स्टेशनावरची आहे. डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्तर १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर या लहानशा स्टेशनावर गाडीची वाट पाहत होता. गाडी लेट. शेजारी फाटक्या कपड्यातला एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासून गात होता. दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या जागेबद्दलचे ते गाणे होते. हँडीने पुढे अशा गाण्यांवरून स्वरलिपी लिहून छापली आणि नाव कमावले. त्या फलाटावरच्या माणसाचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही.

१० ऑगस्ट १९२० रोजी मॅमी स्मिथ या गायिकेने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी केली. काळी माणसे पैसे खर्चून तबकड्या घेतील असे कंपन्यांना तोवर वाटत नव्हते. ही तबकडी धडाधड खपली. पण दक्षिणेतल्या कापूस पिकवणाऱ्या खेड्यांत दुकाने कुठे होती? तिथे ती नेली पुलमन पोर्टरांनी.

पोर्टर म्हणजे आपल्याकडचा हमाल नव्हे. आपल्या वातानुकूलित डब्यात अटेंडंट असतो तसा पुलमन कंपनीच्या शयनयानात काळा पोर्टर असे. बिछाने घालणे, बूट पुसणे, रात्रभर घंटी वाजेल तेव्हा धावणे हे त्याचे काम. गोरे प्रवासी त्याला नावाने न हाकारता ‘जॉर्ज’ म्हणत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. जणू गुलामाला मालकाचेच नाव. पूर्ण पगार हवा तर महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरावे लागत आणि पगार एवढा तुटपुंजा की बक्षिसीवर घर चाले. हे पोर्टर उत्तरेतल्या शहरात डझनाने तबकड्या घेत आणि वाटेतल्या गावांत चढ्या भावाने विकत. याच हातांनी ते ‘शिकागो डिफेंडर’ हे काळ्यांचे वृत्तपत्र दक्षिणेत नेत. १९०५ साली रॉबर्ट अ‍ॅबट यांनी काढलेले हे पत्र दक्षिणेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना सलत होते, ठिकठिकाणी त्याच्यावर बंदी घालण्याचे प्रयत्न झाले. त्यामुळे पोर्टर गठ्ठे लपवून नेत. ज्यांना वाचता येत नसे ते न्हाव्याच्या दुकानात बसून वाचून घेत.

याच पोर्टरांनी २५ ऑगस्ट १९२५ रोजी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली ‘ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स’ ही युनियन उभी केली. कंपनीचे हेर, बडतर्फ्या, फुटीचे प्रयत्न हे सगळे सोसून बरोबर बारा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ रोजी, करार झाला आणि महिन्याचे तास २४० वर आले. बारा वर्षे! आपल्या काही शाखा सहा महिन्यांत सचिव बदलायला निघतात, त्यांनी हा आकडा टिपून ठेवावा.

आता टपालवाल्या मित्रांची पाळी. ‘डिफेंडर’मध्ये पॅरामाउंट कंपनीच्या जाहिराती येत. ही मुळात विस्कॉन्सिनमधली खुर्च्या बनवणारी कंपनी. ग्रामोफोनची लाकडी पेटी बनवता बनवता पेटी खपावी म्हणून तबकड्या काढू लागली. जाहिरातीखाली कूपन असे. नाव-पत्ता भरून पाठवा, पोस्टमन पार्सल आणील तेव्हा पैसे द्या. आपल्याकडची व्ही. पी.ची पद्धत. मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन यांचे आवाज असे पार्सलमधून झोपडीत गेले. गोऱ्याच्या दुकानात मागच्या दाराने शिरून अपमान सोसण्यापेक्षा हे बरे होते.

मा रेनीच्या साथीला पियानो वाजवणारा थॉमस डॉर्सी पुढे चर्चकडे वळला. १९३२ साली बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ तान्हे मूल गेले. त्या दुःखात त्याने लिहिलेले भजन पुढे जगभर गेले. ब्लूजचा ठेका आणि देवाचे नाव यांचे हे लग्न बऱ्याच चर्चना प्रथम मानवले नाही. डॉर्सी आपल्या गाण्यांच्या छापील प्रती टपालाने चर्चना पाठवीत राहिला. आज ज्याला गॉस्पेल म्हणतात त्याचा श्रोता असा एकेका पाकिटातून जमा झाला आहे.

१९४०-५० च्या दशकांत ही गाणी रेडिओवरून पसरू लागली तरी टपाल सुटले नाही. नॅशव्हिलचे डब्ल्यूएलएसी हे ५०,००० वॅटचे केंद्र. रात्री त्याचा आवाज शेकडो मैल जाई. तिथले निवेदक गोरे, तबकड्या काळ्यांच्या, आणि जाहिरात गॅलटिन गावच्या रँडीज रेकॉर्ड शॉपची. पाच-सहा तबकड्यांचा एक गठ्ठा टपालाने मागवा, पैसे दारात द्या. ऐकणाऱ्यांत गोरी पोरेही होती, आईबाप झोपल्यावर उशीजवळ रेडिओ घेऊन बसणारी. जातीची भिंत दिवसा उभी असे, रात्री तिच्यावरून लहरी जात. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने १९४८ साली नॅट विल्यम्स या काळ्या शिक्षकाला निवेदक केले आणि वर्षभरात सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी दिले. मालक गोरेच. धंदा बुडत होता, म्हणून सुचलेले शहाणपण.

हे सांगताना आपल्या चळवळीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. अमेरिकेतल्या गोऱ्या रेल्वे ब्रदरहुडांनी काळ्यांना दार बंद ठेवले होते. आर.एम.एस.सारख्या फिरत्या डब्यात टपाल छाटणाऱ्यांची रेल्वे मेल असोसिएशनही तशीच. म्हणून काळ्या मेल क्लार्कांनी १९१३ साली चॅटनूगा गावी स्वतःची ‘नॅशनल अलायन्स ऑफ पोस्टल एम्प्लॉईज’ काढली. वादकांच्या संघटनेतही तेच. एका शहरात गोऱ्यांचे लोकल एक, काळ्यांचे दुसरे. शिकागोत काळ्यांचे २०८ नंबरचे लोकल १९०२ पासून वेगळे होते, ते गोऱ्यांच्या १० नंबरमध्ये मिळाले १९६६ साली. स्टेजवर एकत्र वाजवतील, पण वर्गणीची पावती वेगळ्या पुस्तकातून! आपल्याकडे एकाच कामाला कायम आणि कंत्राटी अशा दोन पंगती बसतात, तिथे नजर गेली तर आमची हरकत नाही.

गाणी माणसांबरोबरही गेली. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा. १९४३ साली क्लार्क्सडेलहून गाडीत बसला, शिकागोला उतरला, कागद कारखान्यात लागला. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून विजेची घेतली. ब्लूजचा आवाज बदलला तो या कारणाने. त्याचे श्रोते म्हणजे त्याच इलिनॉय सेंट्रल रेल्वेने आलेले गाववाले. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डीने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर घेऊन मोटाउन काढली, ती तर जगभर गेली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या जमैकन पोराने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या फिरवल्या, तिथून हिपहॉप धरतात. त्याची पहिली तबकडी निघेपर्यंत काही वर्षे ते कॅसेटवरून कॅसेटवर, हातोहात फिरत होते. आज मोबाईलवर एका बोटाने सगळे मिळते, पण पैशाचा हिशेब तितक्या सहज मिळत नाही.

मुंबईशी नाते एवढेच सांगतो. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा काळा वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागाहून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला, तो १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. त्यांचे ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. त्यातल्या चिक चॉकलेटला बरोबर घेऊन आपल्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’ (१९५१) सजवला. त्यावर पडद्याकडे नाणी उधळणाऱ्यांना तो ठेका कुठून आला हे माहीत नसेल, पण पाय हलायचे राहिले नाहीत.

शेवटचा मुद्दा मजुरीचा. बेसी स्मिथ ही १९२० च्या दशकातली सर्वात मोठी ब्लूज गायिका. हॉटेलात काळ्यांना जागा नाही, म्हणून १९२५ पासून स्वतःच्या रेल्वेडब्यातून दौरे करणारी. तिला तबकडीमागे ठरावीक रक्कम मिळे, खपावर रॉयल्टी नाही. रूथ ब्राउनच्या गाण्यांवर १९५० च्या दशकात अटलांटिक कंपनी उभी राहिली आणि नंतर तिने धुणीभांडी केली, बस चालवली. हिशेबात कंपनीच तिच्याकडे येणे दाखवी. आपल्या सोसायटीच्या कर्जदारांना ही तऱ्हा समजेल. ती वकील घेऊन वर्षानुवर्षे लढली. १९८८ साली कंपनीला जुने हिशेब मोडून तिला आणि इतर जुन्या कलावंतांना थकबाकी द्यावी लागली, आणि त्याच सुमारास अशा कलावंतांसाठी ‘रिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ उभे राहिले.

जेवणानंतर आपण आठ गाणी ऐकणार आहोत. पहिले गँगचे आहे, त्यात पहारींचा आवाज नीट ऐकू येतो. इंजिनिअरिंग शाखेच्या मित्रांनी पुढच्या रांगेत बसावे आणि ठेक्याला रूळ सरकला असता की नाही, ते सांगावे.