मैदानावरचा मुका मार आणि जबाबदारीचा प्रश्न

(क्रीडाशिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी एका तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रशिक्षण वर्गात माहिती अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान.)



संयोजकांनी मला ‘क्रीडा आणि प्रसिद्धी’ हा विषय दिला होता. त्यांच्या अनुमतीने मी तो थोडा वळवून घेतला आहे. मी वैद्य नाही, विधिज्ञही नाही. कला शाखेचा पदवीधर असून शासनाच्या माहिती खात्यात वृत्ते लिहिणे हे माझे काम. परंतु अशाच एका वृत्तामुळे हा विषय माझ्या मनात घर करून राहिला आहे, म्हणून तेथूनच प्रारंभ करतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावी कबड्डीचे सामने होते. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा चढाईस गेला, पकडीतून निसटला आणि मध्यरेषेकडे त्याने सूर मारला. पाठोपाठ दोन बचावपटू त्याच्यावर कोसळले आणि एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. मुलगा मिनिटभर निपचित पडला. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. तो उठला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तो चालत जाऊन प्रतिपक्षाच्या अंगणात उभा राहिला. प्रेक्षक हसले, मीही हसलो. सोबत्यांनी त्याला दंडाला धरून आपल्या बाजूस आणले आणि सामना पुढे सुरू झाला. त्याचा संघ जिंकला. परतीच्या वाटेवर टेम्पोत त्याला दोनदा उलटी झाली. ऊन लागले असेल म्हणून त्याला निजविण्यात आले. मध्यरात्री तो हाक मारूनही उठेना, तेव्हा धावपळ झाली. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला आणि तेथून मोठ्या शहरात. मुलगा वाचला. परंतु त्या वर्षी तो परीक्षेस बसू शकला नाही, आणि पुढे शाळेतही फार काळ टिकला नाही.

त्या सामन्यांचे वृत्त मी त्याच संध्याकाळी धाडले होते. ‘जखमी होऊनही न डगमगता अखेरपर्यंत झुंज देऊन त्याने खिलाडूवृत्तीचे दर्शन घडविले,’ हे त्यातील वाक्य माझे आहे.

पुढे मी चौकशी केली तेव्हा प्रत्येकाकडे उत्तर तयार होते. प्रशिक्षक म्हणाले, मुलगाच खेळतो म्हणाला. पंच म्हणाले, नियमभंग झालाच नव्हता. मंडळाचे म्हणणे, आम्ही केवळ मैदान दिले. वडील म्हणाले, खेळात लागायचेच. कोणीही खोटे बोलत नव्हता, हे लक्षात घ्यावे.

डोक्याच्या माराला आपल्या भाषेत ‘मुका मार’ हा फार समर्पक शब्द आहे. हाड मोडले तर सूज बोलते, जखम झाली तर रक्त बोलते. कवटीच्या आत मेंदूला हादरा बसला तर बाहेर काही दिसत नाही. बहुसंख्य वेळा शुद्धही हरपत नाही. खेळाडू गोंधळतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, गुणसंख्या विसरतो, चुकीच्या अंगणात जाऊन उभा राहतो. निव्वळ हादरा असेल तर यंत्राने काढलेल्या चित्रातही बहुधा काही आढळत नाही. विश्रांतीने बहुतेक जण काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरे होतात. मात्र थोड्या जणांत कवटीच्या आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. असा खेळाडू काही काळ बोलतो, चालतो, क्वचित जेवतोही, आणि आत रक्त साठत जाऊन मेंदूवर दाब वाढतो. मग डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, ग्लानी येते. पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसल्यास, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यूही ओढवू शकतो. हे क्वचित घडते, पण घडते.

कॅनडातील ओटावा येथे २०१३ साली रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची शाळकरी मुलगी रग्बी खेळताना अशीच गेली. अखेरच्या सामन्यापूर्वीच्या काही दिवसांतही तिच्या डोक्याला मार बसला होता. आपल्याला काहीतरी झाले आहे, ही शंका तिने मैत्रिणींना कळविली होती. मोठ्या माणसांपर्यंत ती पोहोचली नाही. पुढे तिच्या नावाने ऑन्टारिओ प्रांताने २०१८ साली कायदा केला. डोक्याला मार लागल्याची शंका येताच खेळाडूला बाहेर काढणे आणि वैद्यकीय अनुमतीशिवाय पुन्हा न उतरविणे, हे त्यामागील मुख्य तत्त्व होय.

आता जबाबदारीकडे वळतो. या प्रश्नाचा अत्यंत मूलगामी विचार एका इंग्रज मुष्टियोद्ध्याच्या खटल्यात झाला, म्हणून तो विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते.

२१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमधील टॉटनहॅमच्या मैदानावर मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांच्यात जागतिक विजेतेपदाची लढत झाली. अकराव्या फेरीत वॉटसनने युबँकला खाली पाडले. युबँक उठला आणि त्याच फेरीच्या अखेरीस त्याने हनुवटीखालून असा ठोसा मारला की वॉटसन मागे दोरांवर आदळला. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबविली. त्यानंतर वॉटसन कोसळला. नियमाप्रमाणे डॉक्टर हजर होते. परंतु गोंधळ माजला होता. डॉक्टरांनी त्याला तपासेपर्यंत सुमारे सात मिनिटे गेली. श्वासनलिकेत नळी घालून प्राणवायू देण्याची व्यवस्था कड्यापाशी झाली नाही. प्रथम ज्या रुग्णालयात त्याला नेले तेथे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. तेथून दुसरीकडे हलवून शस्त्रक्रिया झाली. चाळीस दिवस तो बेशुद्ध होता आणि त्याच्या मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या. जीव वाचला, पण शरीराची एक बाजू निकामी झाली.

वॉटसनने दावा लावला. तो युबँकवर नव्हता. लढत भरविणाऱ्यांवर नव्हता, डॉक्टरांवरही नव्हता. इंग्लंडात मुष्टियुद्धाचे नियम करणाऱ्या ब्रिटिश नियामक मंडळावर होता. मंडळाचे उत्तर आपल्या गावच्या उत्तरांसारखेच होते. लढत आम्ही भरविली नाही, आम्ही नफा मिळविणारी संस्था नव्हे, आम्ही केवळ नियम करतो, आणि धोका तर खेळाडूने स्वखुशीने पत्करला होता.

१९९९ साली उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने हे म्हणणे अमान्य केले. न्यायालयांची विचारसरणी सोप्या शब्दांत सांगायची तर अशी: ठोसा खाण्याची संमती खेळाडूने दिली होती, ठोसा खाल्ल्यानंतर निष्काळजी व्यवस्थेची संमती त्याने दिलेली नव्हती. या खेळात मेंदूत रक्तस्राव हा सर्वांत गंभीर धोका आहे, हे मंडळाला ठाऊक होते. वैद्यकीय व्यवस्था कशी असावी हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी मंडळाच्या हाती होता. खेळाडू त्या ज्ञानावर विसंबून कड्यात उतरत होता. ज्याच्याकडे ज्ञान आणि अधिकार दोन्ही आहेत, त्याला ‘आम्ही केवळ नियम करतो’ असे म्हणता येत नाही. अखेर सुमारे चार लाख पौंडांवर तडजोड झाली. वॉटसनने २००३ साली लंडनची मॅरेथॉन सहा दिवसांत चालून पूर्ण केली, आणि अखेरच्या टप्प्यात युबँक त्याच्यासोबत होता. ही गोष्ट मला निकालाइतकीच मोलाची वाटते.

‘ठाऊक नव्हते’ हा बचाव तर केव्हाच जीर्ण झाला आहे. ठोसे खाऊन बरळणाऱ्या, तोल जाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांचे वर्णन अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच प्रसिद्ध केले. जेफ ॲस्टल हा इंग्लंडचा फुटबॉलपटू २००२ साली एकोणसाठाव्या वर्षी वारला, तेव्हा मृत्युचौकशीत आयुष्यभर डोक्याने चेंडू मारण्याशी त्याचा संबंध जोडून ‘व्यवसायजन्य रोग’ असे कारण नोंदविले गेले. त्याच वर्षी डॉ. बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलमधील माइक वेबस्टर यांच्या मेंदूची तपासणी करून असाच ऱ्हास दाखविला. तेथील व्यावसायिक संघटनेने प्रथम हे नाकारले. पुढे हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यांत २०१३ साली हजारो कोटी रुपयांच्या मोलाची तडजोड केली, तीही जबाबदारी मान्य न करता. पैसा देता आला, शब्द देता आला नाही.

हे सारे परदेशी व्यावसायिकांचे, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे खेळणारा मुलगा विद्यार्थी असतो, म्हणूनच मला हा प्रश्न अधिक नाजूक वाटतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये खेळातील संमतीचे तत्त्व होते. गंमत म्हणून पट्टा खेळणाऱ्या दोघांनी, लबाडी न होता लागणाऱ्या इजेस संमती दिली आहे असे मानावे, असे तेथे उदाहरण आहे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत हेच तत्त्व कलम २५ मध्ये आले आहे. मात्र दोन्हीकडे ही संमती अठरा वर्षांवरील व्यक्तीची आहे. तेव्हा ‘मुलगाच खेळतो म्हणाला’ हे उत्तर देताना शिक्षकांनी तो मुलगा कितवीत आहे हे आठवावे.

आपल्या राज्यात दहीहंडीच्या निमित्ताने हाच विचार न्यायालयापुढे आला होता. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई करून थरांची उंची वीस फुटांपर्यंत मर्यादित केली. २०१७ साली वयाची मर्यादा चौदा वर्षांवर आली आणि उंचीवरील बंधन राहिले नाही. २०२२ साली शासनाने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देऊन, गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबास दहा लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. असे साहाय्य हवेच. परंतु ते अपघातानंतरचे आहे, आणि मी बोलतो आहे ते अपघात आणि दवाखाना यांमधील घटकेविषयी.

कुस्तीच्या फडावर मोडलेला कान पैलवान अभिमानाने मिरवितो. त्यात गैर नाही; कानाला विचार करावा लागत नाही. डोक्याच्या बाबतीत ही वृत्ती सोडावी लागेल. कबड्डीत सामन्याच्या प्रमुख पंचाला आपण ‘सरपंच’ म्हणतो, आणि येथे समोर गावांचे सरपंचही बसले आहेत. दोघांकडे अधिकार आहे. मैदानावरच्या सरपंचाने सामना थांबवावा, गावच्या सरपंचाने त्यामागे उभे राहावे. पाहुणे व्यासपीठावर आहेत, ढोल वाजतो आहे, अंतिम सामन्याचे तीन गुण बाकी आहेत, अशा वेळी एकट्या क्रीडाशिक्षकाने आपला उत्तम चढाईपटू बाहेर बसवावा अशी अपेक्षा करणे आणि नंतर त्यालाच दोषी धरणे, हे मला न्यायाचे वाटत नाही. स्पर्धा भरविणाऱ्याने ही गोष्ट आधीच नियमात लिहून ठेवली, तर त्याला कोणाशी वाद घालावा लागणार नाही.

करावयाचे ते फार नाही आणि खर्चाचेही नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली की त्या दिवसापुरता खेळाडूचा खेळ संपला, मग तो कितीही ‘ठीक आहे’ म्हणो. मानेलाही मार असण्याचा संभव असतो, म्हणून पडलेल्याला ओढून उठवू नये. दिवस कोणता, सामना कोणाशी, हे विचारावे. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, झटका आला, हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले किंवा झोपेतून जागा होईना, तर विनाविलंब १०८ क्रमांकास कळवावे. इतर मुलांनाही डॉक्टरांकडे दाखवावे आणि पहिली रात्र एकटे सोडू नये; वडिलांना ही लक्षणे कागदावर लिहून द्यावीत, कारण तोंडी सांगितलेले रात्री दोन वाजता आठवत नाही. अभ्यास हळूहळू, व्यायाम हळूहळू, आणि सामना डॉक्टरांनी अनुमती दिल्यावरच. ज्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय आहे ते जवळात जवळ कोठे आहे, हे स्पर्धेपूर्वी शोधून ठेवावे. वॉटसनच्या वेळी लंडनसारख्या शहरातही हे चुकले होते. वाहन मंडपामागे अडकून राहू नये इतकी काळजी मात्र ग्रामपंचायतीनेच घ्यावयाची आहे.

एका सदस्यांनी मघाशी चहाच्या वेळी विचारले की, असे नियम केले तर पालक घाबरून मुलांना मैदानावर पाठविणार नाहीत. मला उलट अनुभव येईल असे वाटते. त्या मुलाचे वडील, ज्यांच्याविषयी मी आरंभी बोललो, त्यांनी धाकट्या मुलाला पुढे कबड्डी खेळू दिली नाही. नियम नव्हता म्हणून.

माझ्या स्वतःच्या कामापुरते सांगतो आणि आपली रजा घेतो. येत्या हंगामापासून आमच्या कार्यालयाकडे क्रीडास्पर्धांची वृत्ते ज्या नमुन्यात येतात, त्यात विजेते, उपविजेते आणि प्रमुख पाहुणे यांच्या नावांखाली मी आणखी एक रकाना घातला आहे: जखमी खेळाडू किती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची प्रकृती कशी होती. तो कोरा पाठवू नये. कोणीही जखमी झाले नसेल तर ‘कोणी नाही’ असे लिहून खाली स्पर्धाप्रमुखांनी स्वाक्षरी करावी.