परतणारी लाट

वाशीच्या खाडीकांठीं भरतीच्या वेळीं घटकाभर उभें राहिलें, तर एक मौज दृष्टीस पडते. दगडी भिंतीवर आपटलेली लाट माघारी फिरते, मागून येणाऱ्या लाटेशीं तिची गांठ पडते आणि पाणी जागच्या जागीं खालींवर उसळूं लागतें. जेथें चिखलांत तिवरांचें बन आहे, तेथें मात्र तशीच लाट मुकाट्यानें जिरून जाते.

तारांतून धांवणाऱ्या विद्युल्लहरींची रीत हीच आहे. प्रत्येक तारजोडीला स्वतःचा असा एक संरोध असतो. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज पंडितानें १८८६ सालीं या राशीला तिचें इंग्रजी नांव दिलें. तार लांब कीं आंखूड, याच्याशीं तारजोडीच्या या संरोधाचा संबंध नाहीं. तारांची जाडी, त्यांमधील अंतर आणि मधला पदार्थ यांवरून तो ठरतो. शेवटच्या यंत्राचा संरोध तारेइतकाच असला, तर सारी लहर यंत्रांत शिरते. तो कमी असो वा अधिक, कांहीं अंश परत फिरतोच.

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें. पुढें नव्या मुंबईच्या गच्च्यांवरही अल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उभे राहिले. एकानें गच्चीवर सांगाडा फिरवावा आणि दुसऱ्यानें खिडकींतून "आलं, आलं!" म्हणून ओरडावें, हा प्रकार घरोघरीं चाले. सांगाड्यापासून खालीं येणारी चपटी दोनतारी पट्टी ३०० ओहमची, तर गोल केबल ७५ ओहमची. दोन्ही नुसत्या पिळून जोडल्या, कीं घात होई. दोहोंची वजाबाकी २२५, बेरीज ३७५, भागाकार ०.६ आणि त्याचा वर्ग ०.३६. म्हणजे मोठ्या कष्टानें मिळविलेल्या शक्तीपैकीं शेंकडा ३६ भाग त्या सांध्यावरूनच माघारी!

चित्राशेजारीं दिसणाऱ्या फिकट दुसऱ्या चित्राला लोक 'भूत' म्हणत आणि त्याचें खापर तारेवर फोडीत. तें बहुधा अन्यायाचें होतें. वीस मीटर पट्टींतून वर जाऊन परत येण्यास लहरीला सेकंदाचा सुमारें साठ-लक्षांश एवढाच काळ लागतो. चाळीस सेंटीमीटर रुंदीच्या पडद्यावर तेवढ्यानें कड मिलीमीटरभर फांकेल, इतकेंच. परंतु घराच्या मागें किलोमीटरभर दूर टेकडी असली आणि तिच्यावर आपटून लहर परतली, तर तीच छाया पांच सेंटीमीटर बाजूला उमटे. तेथें सांधा बदलून उपयोग नव्हता. सांगाड्याचें तोंडच फिरवावें लागे.

सांध्याचा उपाय मात्र सुपारीएवढा. लहानशा गाभ्यावर तारेचे फेरे घेऊन एका बाजूस दुसरीच्या दुप्पट ठेवले, कीं संरोध फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे चौपट बदलतो आणि ३०० व ७५ यांचा मेळ बसतो.

ध्वनिक्षेपण केंद्रावर मात्र प्रकरण गंभीर असतें. तेथें लहर किलोवॅटांनीं मोजतात. ती मनोऱ्यावरून परतली, तर तारेवर कांहीं ठिकाणीं दाब बेसुमार चढून ठिणगी पडते किंवा क्षेपकयंत्र तापून निकामी होतें. म्हणून परतीच्या लहरीवर तेथें अखंड पहारा असतो आणि ती मर्यादेबाहेर गेली, कीं यंत्र आपोआप बंद होतें.

गच्चीवरील ते सांगाडे आतां बहुतेक उतरले. घरांतली केबल ७५ ओहमचीच राहिली आहे. एका केबलचे दोन-तीन फांटे करणाऱ्या डबीचें एखादें तोंड मोकळें असेल, तर त्यावर ७५ ओहमचें टोपण बसवावें. तें न बसविल्यास त्या मोकळ्या तोंडावरून परतलेली लहर शेजारच्या खोलींतलें चित्र बिघडवूं शकते.